उन्हाळी शास्त्रज्ञ

बारावीचा शेवटचा पेपर आणि कॉलेजची पहिली यादी यांच्यामध्ये महाराष्ट्रात एक मोकळा पट्टा असतो. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, सीईटी आणि नीट मेच्या आसपास उरकतात, आणि कॅप राउंडची रडकथा ऑगस्टपर्यंत चालते. या पट्ट्यात अठरा वर्षांच्या मुलांच्या नाना जाती आढळतात. एक जात ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीतून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा जीव टांगणीला लावते. एक जात मागच्या वर्षीचे कटऑफ तोंडपाठ म्हणून दाखवते. एक जात नुसती झोपते. ही संख्येने सर्वांत मोठी, आणि तिला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण दोन वर्षांची झोप तुंबलेली असते. अलीकडे या गर्दीत आणखी एक जात अधूनमधून दिसू लागली आहे. ती म्हणजे उन्हाळी शास्त्रज्ञ.

हा ओळखायला अगदी सोपा. पुण्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना याच्या पायांत मोजे आणि बंद बूट असतात, कारण प्रयोगशाळेत चपला चालत नाहीत. गळ्यात ओळखपत्राची दोरी, आणि ती दूध आणायला जातानाही उतरत नाही. काखेत जाड पुठ्ठ्याची वही, तिच्या पानांवर त्याने स्वतः घातलेले आकडे. तिला वही म्हटलेलं त्याला खपत नाही. 'लॅबबुक' म्हणायचं. पहिल्या आठवड्यात तो 'तिथली लॅब' म्हणतो, दुसऱ्या आठवड्यात 'आमची लॅब'. आपल्या घरातली पाण्याची बाटली ज्याने जन्मात कधी भरून ठेवली नाही, तो तिथल्या बाटल्या घासून, वाळवून, ओळीने लावून येतो आणि वर ते अभिमानाने सांगतो.

आमच्याकडे हा नमुना बहिणीच्या मुलाच्या रूपाने बार्शीहून आला. पूर्वी भाचे सुट्टीत मामाच्या गावाला जात. तिथे विहीर असे, आंबे असत, मामीच्या हातचं गोडधोड असे. आता मामाच कोथरूडच्या फ्लॅटात राहायला आल्यामुळे विहीर रद्द झाली आहे. बाकीच्या अपेक्षा कायम आहेत.

हा मुलगा आदल्या वर्षापर्यंत कसा होता, ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. बारावी सायन्सला नव्वदच्या पुढे टक्के. चार पर्यायांतला बरोबर पर्याय प्रश्न पुरता वाचायच्या आत ओळखण्याची सवय. आणि प्रॅक्टिकल? ते आपल्याकडे जसं होतं तसंच. म्हणजे जर्नल आधी पुरं करायचं आणि प्रयोग जमला तर नंतर. पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये तीन रीडिंग घ्यायची असतात, आणि ती तिन्ही दशांशासकट सारखी येतात. शेवटच्या रकान्यात 'सीबीआर', म्हणजे ब्युरेटचं कायम राहिलेलं रीडिंग, म्हणून तोच आकडा दिमाखात बसतो. ते रीडिंग ब्युरेटमधून येतं की लॅब असिस्टंट काकांच्या पुटपुटण्यातून, हे विचारायची पद्धत नाही. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ येणार, हे ठरलेलंच. मग ९.८ वरून उलटं गणित करत वेळेचे आकडे काढायचे, त्यांत कुठे एखादा ठिपका इकडेतिकडे करून ते खरे वाटतील असं बघायचं, आणि सुबक आलेख काढून त्यावर सरांची सही घ्यायची. हे सगळेच करतात. सर विद्यार्थी असताना त्यांनीही हेच केलेलं असतं. दोन वर्षं विज्ञान शिकून मुलाला एवढं पक्कं कळलेलं असतं की निसर्गाचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेलं आहे.

असा हा हुशार मुलगा एका संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमाला गेला. पहिल्या दिवशी आपल्याला काहीतरी भव्य मिळेल अशी त्याची खात्री होती. निदान कर्करोग तरी. तिथल्या पीएचडी करणाऱ्या ताईने त्याच्या हातात एक पिपेट दिलं आणि सांगितलं, एक मिलिलिटर पाणी घे, वजन कर, लिही, आणि असं दहा वेळा कर. एक मिलिलिटर पाण्याचं वजन जवळपास एक ग्रॅम भरतं, हे त्याला सहावीपासून ठाऊक. पण काट्यावर ०.९८७ आलं. मग १.००४. मग ०.९९१. याला घाम फुटला. त्याने मुकाट्याने दहाही रकान्यांत १.००० लिहून टाकलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

ताईने पान पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे कुठून आलं?"

"असंच यायला पाहिजे ना, मॅडम?"

"यायला काय पाहिजे ते मी विचारलंच नाही. आलं काय?"

हे संभाषण त्याने मला त्या रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पंगतीतून उठवल्यासारखा झाला होता. त्या पानावर त्याला एकच आडवी रेघ मारायला लावली होती. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकलेलं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. दोन वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं की चुकीलाही जागेवर राहायचा हक्क असतो. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दहा वजनं घेतली, आली तशी लिहिली, आणि संध्याकाळी घरी येऊन मामीच्या स्वयंपाकघरातला चहाचा चमचा वजनकाट्यावर ठेवला. तिथून पुढे आमच्या घराला शांतता नाही.

त्याला मिळालेला विषय होता चिलटं. तीच ती, पिकल्या केळ्यांवर आणि आंब्याच्या सालींवर घोंघावणारी. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. पंचवीस अंशांच्या उबेत अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंतचा त्यांचा प्रवास साधारण दहा दिवसांत पुरा होतो. म्हणजे एका उन्हाळ्यात आजी, आई आणि नात असा अख्खा वंशवृक्ष डोळ्यांसमोर उभा राहतो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून त्यांचं जेवण बनतं, आणि त्याचा आंबूस वास शास्त्रज्ञाच्या केसांना सुटीच्या दिवशीही येत राहतो. याला नेमून दिलेलं काम असं, की कोवळी आणि म्हातारी चिलटं वेगवेगळ्या नळ्यांत घ्यायची, नळी आपटून सगळ्यांना तळाशी पाडायचं, आणि दहा सेकंदांत किती जण खुणेच्या वर चढतात ते मोजायचं. कोवळी भराभर चढतात, म्हातारी मागे राहतात. मी म्हटलं, "अरे, एवढं बघायला लॅब कशाला हवी? आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावर उभा राहा."

"पण मामा, तुमच्या सोसायटीत कंट्रोल कुठे आहे?" तो म्हणाला.

सोसायटीत कंट्रोल नाही, हे आमच्या चेअरमनसाहेबांनाही मान्य असल्यामुळे मी गप्प बसलो.

खरा स्फोट झाला तो एका सकाळी. प्रयोगात कोणाची पिल्लं कोणाची हे नक्की कळावं म्हणून कोशातून नुकत्या बाहेर पडलेल्या माद्या आठेक तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, कारण तेवढ्या वेळात त्यांचा नराशी संबंध आलेला नसतो. लॅबमध्ये अशा माद्यांना इंग्रजीत एक सरळ शब्द आहे. भाच्याने आजीसमोर बोलायचं म्हणून सभ्यपणे मराठी केलं. पहाटे साडेपाचला बुटांच्या नाड्या बांधत तो म्हणाला, "आजी, निघतो. आज कुमारिका गोळा करायच्या आहेत."

माझी आई देवघरातून म्हणाली, "एवढ्या लवकर? नवरात्राला अजून चार महिने आहेत की रे." मग जरा थांबून, "नऊ पुरेत ना?"

"छे आजी, निदान साठ तरी लागतील."

आईने हात जोडले. एवढं मोठं कुमारिकापूजन आमच्या सात पिढ्यांत कुणी घातलं नव्हतं. संध्याकाळी त्याने तिला भिंगातून नर आणि मादी दाखवली. नराच्या पोटाचं टोक काळं, मादीचं पट्ट्यापट्ट्यांचं. तेव्हापासून केळ्यावर चिलट बसलं की आई त्याला हाकलण्याआधी चष्मा लावते.

मामीची गोष्ट वेगळी. तिचा ठाम सिद्धांत असा, की ओट्यावर कापराची वडी ठेवली की चिलटं फिरकत नाहीत. तिच्या आईकडून आलेला सिद्धांत. भाच्याने मान डोलावली आणि मग तो जीवघेणा प्रश्न विचारला, "कापूर ठेवला नसता तर किती आली असती?" दुसऱ्या दिवशी ओट्यावर सहा वाट्या मांडल्या गेल्या. प्रत्येकीत सारख्या वजनाची हापूसची साल. तिघींत कापूर, तिघींत नाही. वाट्यांच्या तळाला चिठ्ठ्या, आणि रोज संध्याकाळी सात वाजता मोजणी. भांडी घासणाऱ्या मावशींनी तिसऱ्या दिवशी बिनकापराच्या दोन वाट्या लख्ख घासून पालथ्या घातल्या. प्रयोग पहिल्यापासून सुरू झाला. पुढे दोन वाट्या खिडकीजवळ आणि चार आत होत्या असं लक्षात आलं, म्हणून जागा आलटून पालटून पुन्हा सुरू. घरात आंब्याच्या साली कुजत होत्या आणि हा कपाळाला आठ्या घालून रकाने भरत होता. अखेर मामीने निकाल मागितला.

"मामी, कापराच्या वाट्यांत थोडी कमी आली. पण एका वाटीत आणि दुसऱ्या वाटीत फरक इतका आहे, की एवढ्यावरून काही सांगता येत नाही."

"इतके दिवस माझ्या ओट्यावर उकिरडा मांडून उत्तर काय, तर सांगता येत नाही?"

"हो."

"मग बार्शीत राहून हेच सांगितलं असतंस तर एसटीचं भाडं तरी वाचलं असतं!"

मामीची बाजू बिनतोड होती. पण मी त्या मुलाकडे बघत होतो. आदल्या वर्षी याच मुलाने परमँगनेटची तीन सारखी रीडिंगं डोळ्यांची पापणी न लववता लिहिली होती. आता हातात सहा वाट्यांचे आकडे असताना, समोर संतापलेली मामी असताना, आणि 'कापराने चिलटं जातात' म्हटलं असतं तर वर एक आमरसाची वाटी मिळण्याची शक्यता असताना तो 'सांगता येत नाही' म्हणत होता. शूर माणसंच असं करतात. किंवा उपाशी राहायची तयारी असलेली.

दाजींचा बार्शीहून रोज फोन येई. त्यांचा प्रश्न एकच, "सर्टिफिकेट मिळणार ना?" मिळणार. "मग ॲडमिशनला त्याचे किती मार्क धरतात?" शून्य. इंजिनिअरिंगची यादी सीईटीवर लागते, मेडिकलची नीटवर, आणि चिलटं किती उंच चढली याला तिथे रकानाच नाही. "मग सुट्टीत असले शोध लावून कुणाचं भलं झालंय?" भाचा तयारच होता. त्याने सांगितलं, की सुब्रह्मण्यन चंद्रशेखर बीएस्सीनंतर पुढच्या शिक्षणाला इंग्लंडला निघाले ते १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने, वय एकोणीस. मधल्या प्रवासात त्यांनी श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते याचं गणित मांडलं, आणि १९८३ साली नोबेल मिळालं. दाजी क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "त्रेपन्न वर्षं थांबायची आपली तयारी नाही."

मग त्याने घरचं उदाहरण काढलं, म्हणजे चिलटांच्या घरचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस मॉर्गन यांची चिलटांनी भरलेली खोली होती. तिथे बाटल्या धुण्याच्या कामावर लागलेल्या कॅल्व्हिन ब्रिजेस या विद्यार्थ्याला जाड काचेतून नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या रंगाच्या डोळ्यांचं एक चिलट दिसलं, आणि बाटल्या सुटून त्याला संशोधन मिळालं. त्याच खोलीतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने १९११ मध्ये, पदवीचं शिक्षण चालू असताना, एका रात्री गृहपाठ बाजूला सारून जनुकं गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने असतात याचा जगातला पहिला नकाशा काढला. तोही तेव्हा एकोणीस वर्षांचा. चिलटांना आपल्याकडेही परंपरा आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटांना वास कसा कळतो यावर केलेलं काम जगभर नावाजलं गेलं. दाजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "गृहपाठ न करण्याचं उदाहरण तेवढं तुझ्या धाकट्या भावाला सांगू नकोस."

या जातीची एक नक्कलही बाजारात आली आहे, तीही ओळखून ठेवा. ही मुलं बंद बूट घालत नाहीत, कारण कुठे जातच नाहीत. परदेशी विद्यापीठांच्या अर्जात संशोधनाला भाव आहे हे कळल्यावर वडील घसघशीत फी भरतात, लॅपटॉपवर काही बैठका होतात, आणि शेवटी मुलाचं नाव घातलेला एक निबंध कुठेतरी छापून येतो. अशा मुलाला त्याच्या कामाबद्दल विचारा. तो निष्कर्ष घडाघडा सांगेल. काय बिघडलं होतं ते विचारा, तर म्हणेल, काहीच नाही. अस्सल उन्हाळी शास्त्रज्ञ याच्या नेमका उलटा. निष्कर्ष विचारला तर चाचरतो, पण काय काय बिघडलं ते विचारलं तर रात्री बारापर्यंत उठत नाही.

आता फायद्याचं बोलतो, कारण वाचक पालक असतील तर ते तिथेच वाट बघत असतील. भाच्याने बीएस्सीला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात बार पेंड्युलमचं प्रॅक्टिकल आलं. वर्गात सगळ्यांचं उत्तर ९.८. याचं ९.६३. सर म्हणाले, चुकलंय, नीट कर. मित्र म्हणाले, अरे वेळ जरा कमी लिही, बसेल. याने वेळ कमी लिहिली नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच आलं. मग त्याने दांडा किती लांब ओढून सोडतोय ते कोनमापकाने मोजलं. वीस अंशांपर्यंत. लंबकाचं सूत्र लहान झोक्यापुरतंच खरं. झोका मोठा झाला की एका फेरीला वेळ थोडा जास्त लागतो आणि उत्तर कमी येतं. पुस्तकात हे एका ओळीत दिलेलं असतं आणि ती ओळ आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेली असते. त्याने झोका चार अंशांवर आणला. उत्तर आलं ९.७७. ते त्याने तसंच लिहिलं, कमीजास्त किती असू शकेल तेही शेजारी लिहिलं, आणि पहिली तिन्ही पानं आडवी रेघ मारून वहीत ठेवली. ज्यांचं उत्तर पहिल्या फटक्यात ९.८ आलं, त्यांच्यापैकी किती जणांचा झोका वीस अंशांचा होता, हे आता कुणालाच कळणार नाही.

लॅबमध्ये त्याच्या शेजारच्या टेबलावर नगरची एक मुलगी होती. तिला त्या उन्हाळ्यात पक्कं समजलं की दिवसभर एकाच नळीकडे बघत बसणं आपल्याच्याने होणार नाही. तिने सरळ कायद्याला प्रवेश घेतला. तिच्या घरच्यांना कार्यक्रम फुकट गेला असं वाटलं. मला तो तिच्याच बाबतीत सर्वांत यशस्वी वाटतो. जे लोकांना पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळतं, ते तिला अठराव्या वर्षी, घरच्या डब्यावर, दोन महिन्यांत कळलं.

आणि मुलांच्या सुट्टीतल्या संशोधनाचं हे काही काल निघालेलं खूळ नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांना उन्हाळ्यात आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करायला बोलावण्याची प्रथा जयंत नारळीकरांच्या काळात सुरू झाली. त्यांची सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. तिथल्या मुलांच्या विज्ञानकेंद्राची इमारत पु. ल. देशपांड्यांच्या नावे दिलेल्या देणगीतून उभी राहिली आणि तिला सप्तर्षींतल्या ताऱ्याचं नाव मिळालं, पुलस्त्य. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये 'नियस' हा कार्यक्रम सुरू केला, तो मुळातच पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांना संशोधनाची चव देण्यासाठी. बारावी संपलेल्या, अजून कुठल्याच कॉलेजच्या नसलेल्या मुलासाठी मात्र दारं थोडी आहेत, आणि ती बहुतेक वेळा पत्र लिहूनच उघडावी लागतात.

तेव्हा घरात बारावीचं मूल असेल तर एवढं करा. पत्रं बोर्डाच्या परीक्षेआधी, जानेवारीतच लिहायला लावा. मेमध्ये लिहिलेल्या पत्राला सहसा उत्तर येत नाही. दहांतल्या नऊ ठिकाणांहून काहीच आलं नाही तरी दहावं पाठवा. जो कार्यक्रम फीपोटी छापील निबंधाची हमी देतो, तिथे पैसे भरू नका. मूल परत आलं की सर्टिफिकेट भिंतीवर लावा, हरकत नाही, पण आधी त्याची वही मागून घ्या आणि आडव्या रेघा किती आहेत ते बघा. एकही नसेल तर सुट्टी वाया गेली असं समजा. आणि ओट्यावर सालींच्या वाट्या मांडण्यापूर्वी मामीची परवानगी घ्या, लेखी.